बघून जाणाऱ्या शिस्टर

शिस्टर घरात आल्या की आधी भिंती बघायच्या, मग माणसं. चुलीमागची भिंत किती काळी झालीय, कोपऱ्यात ओल आहे का, धुराला बाहेर जायला वाट आहे का, हे सगळं त्या मान वर करून निरखायच्या. तोवर घरातलं म्हातारं माणूस बीपी बघून घ्यायला बाही वर करून ताटकळत बसलेलं असे. "दम धरा की," त्या म्हणायच्या, "आधी घर तपासते, मंग तुमाला."

मार्गासनीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. शिस्टर उपकेंद्राच्या नर्स. भोरहून स्कूटीवर यायच्या. त्यांचं खरं नाव रजिस्टरात होतं, पण ते कुणी घेत नसे. ईद झाली की स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा आणायच्या आणि साखर वाढेल म्हणून म्हाताऱ्यांच्या वाट्या मात्र अर्ध्याच भरायच्या.

दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत त्यांची थंडीची फेरी सुरू होई. गोधड्या उन्हात टाकल्या का, सरपण वाळलंय का, बीपीच्या गोळ्या संपत तर नाही आल्या? माझे सासरे, आबा, दम्याचे जुने रोगी. पंपाची सवय लागते असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून ते पंप तांदळाच्या डब्यात ठेवायचे आणि जीव अगदी कासावीस झाला तरच काढायचे.

"आबा, पंप कुठाय?"

"हाय की. जपून ठेवलाय."

"जपायला सोन्याचा हाय व्हय त्यो? वडा बघू माझ्यासमोर."

आबा लहान मुलासारखे तोंड करून पंप ओढायचे.

त्या वर्षी फेरीत त्यांनी आबांच्या खोलीची खिडकी उघडली आणि बजावलं, "घमेल्यात निखारे घेऊन बसायचं आसंल तर ही उघडी पायजे. कोळशाचा वायू दिसत न्हाई, वास येत न्हाई. माणूस झोपेतच जातो." आबांनी मान डोलावली. शिस्टरांची स्कूटी वळणाआड गेली तशी त्यांनी खिडकी लावून फटीत पोतं कोंबलं. मी पाहिलं, पण सासऱ्यांना काय बोलायचं म्हणून चुलीकडं वळले.

मार्गशीर्षात एके सकाळी शिस्टर आबांच्या गोळ्या घेऊन आल्या. मी गोठ्यात धार काढत होते.

"आबा कुठायत?"

"झोपल्यात आजून."

"आबा? आणि या टायमाला?"

त्यांनी हातातली पिशवी तिथंच टाकली आणि धावत जाऊन खोलीचं दार ढकललं. आत निखाऱ्याचं घमेलं, आणि आबा कुशीवर पडलेले. हाक मारली तर डोळा उघडेना. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढलं. शेजारच्यांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. रस्ताभर शिस्टर त्यांची नाडी धरून बसल्या होत्या आणि टेम्पोवाल्याला ओरडत होत्या, "खड्डे नगं बघू, चल!"

ऑक्सिजन लावला. दुपारनंतर आबांनी मला ओळखलं. मी पदरात तोंड घालून रडले.

तिसऱ्या दिवशी आबा घरी आले, तेव्हा शिस्टर ओट्यावर बसल्या होत्या. आबांनी हात जोडले. "शिस्टर, चुकलं माजं."

"तुमचं चुकलंच. पण माजं बी चुकलं," त्या म्हणाल्या. "मी सांगून गेले, बघून न्हाई गेले."

त्यांनी गवंडी बरोबरच आणला होता. आबांच्या खोलीत वरच्या अंगाला भिंत फोडून जाळी बसवली, सिमेंट ओढलं, तोवर त्या हलल्या नाहीत. तिथून पुढं त्यांची फेरी लांबतच गेली. सांगायच्या आणि बसून राहायच्या. लसूण सोलून द्यायच्या, चहा घ्यायच्या, पण काम झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. "ही बया घर धरून बसती," अशी कुरकूर व्हायची. लोक हसत हसत काम मात्र उरकून टाकायचे.

पुढच्या थंडीला त्या मला म्हणाल्या, "सुरेखा, तू डोळ्यानं बघितलंयस. चल माज्यासंगं." मी गेले. मग वाडीत आशा सेविकेची जागा निघाली तेव्हा अर्ज लिहायलाही त्यांनीच मला बसवलं.

गेल्या साली त्यांची बदली भोंगवलीकडं झाली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला, साडीचोळी झाली. एसटीच्या थांब्यापर्यंत मी गेले, कारण स्कूटी दुरुस्तीला होती. गाडी दिसली तेव्हा त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. फेरीतली वरच्या आळीची तीन घरं राहिली होती, त्यांची नावं. "आजच जा," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता गाडीत चढल्या.

मी घरी न जाता तशीच वर चढले. शेवटचं घर एकट्या राहणाऱ्या ठकूआजीचं. तिला कमी ऐकू येतं. ती दारात उभी राहून माझ्या मागं वाटेकडं बघत होती.

"शिस्टर न्हाई आल्या?"

"बदली झाली, आजी. आता मीच येनार," मी मोठ्यानं सांगितलं.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दारातून बाजूला झाली.

"मंग भाईर का हुबी? आत ये की."