मोहाचे लाडू आणि दुखरे गुडघे

मोहर्लीहून कॉलेजला जाताना कामावर निघालेल्या एक बाई रोज बसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं होतं, नाहीतर मोहफुलं वेचायला वाकता येणार नव्हतं. त्यांनी समोसे सोडले आणि मोहाचे लाडू डबाभर खाऊ लागल्या.

"जंगलातलं हाय बाबू, यानं चरबी नाई वाढत."

मी चाचरत म्हणालो, "बाई, चांगलंही जास्त खाल्लं तर चरबी वाढते."

त्यांनी हातातल्या लाडवाकडे पाहिलं आणि हसून डबा माझ्या मांडीवर ठेवला. "मंग तूच खाय. तुले कोण्या डॉक्टरनं अडवलं?"

तेव्हापासून एक लाडू त्यांचा, बाकीचे माझे.

यंदा मोह गळू लागला तेव्हा बसमधून त्या मला एका झाडाखाली फुलं वेचायला वाकलेल्या दिसल्या. मी हाक मारली, पण त्यांना वर बघायलाही सवड नव्हती.