खुर्ची आधी पोचली

सरावलीहून सातपाटीला जाऊन आलेला माणूस प्रवासवर्णन लिहीत नाही. सकाळी जावं, मासळी घ्यावी, दुपारच्या जेवणाला घरी यावं, एवढंच ते अंतर. पण अपघातानंतर निलेश दवाखान्याखेरीज दुसऱ्या कुठल्या ठिकाणी निघाला होता तो पहिल्यांदाच. मला ते परदेशी जाण्याइतकं मोठं वाटलं, आणि तयारीही मी तशीच केली.

निलेश माझा मुलगा, वय चोवीस. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरली, तो पाठीवर पडला आणि मणक्याला मार बसून मज्जारज्जूला इजा झाली. पोटापासून खाली त्याला हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. माझी बायको सुलभा एमआयडीसीत एका पॅकिंग कंपनीत जाते. मीही एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, ते सोडून घरी राहिलो. त्याला उचलणं, कूस बदलणं, अंघोळ, आणि तिघांचा स्वयंपाक ही माझी कामं.

निमित्त होतं सुलभाच्या धाकट्या भावाच्या, दिगंबरच्या मुलाच्या हळदीचं. दिगंबर सातपाटीला तांडेल (बोटीचा मुख्य खलाशी) आहे. सुलभा आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मी मूळचा साताऱ्याकडचा. तीस वर्षं इथं राहूनही सासुरवाडीची अर्धी भाषा मला अंदाजानेच कळते.

पहिली अडचण दारातच आली. निलेशची चाकांची खुर्ची घडीची नाही, ती रिक्षात मावेना. नेमका मांडवाची फुलं आणि भांडी घेऊन दिगंबरचा टेम्पो शेजारच्या बोईसरहून निघणार होता. चालक मुन्ना म्हणाला, "चाचा, टेंशन मत लो. कुर्सी मेरे पास, मैं आपके पीछे." त्याने खुर्ची भांड्यांच्या वर बांधली, निलेशची हवेची उशी तिच्यावरच राहू दिली आणि चेंगरू नयेत म्हणून झेंडूच्या माळा खुर्चीच्या पाठीवर नीट टांगल्या. मला ते व्यवस्थितच वाटलं.

मी निलेशला मिठी मारून उचललं आणि रिक्षात गोधडीच्या घडीवर बसवलं. रिक्षावाले काशिनाथ, वाड्याकडचे, हळू चालवणारे. निलेश बाहेर मान काढून दुकानांच्या पाट्या वाचत होता. एक चहावाला बदलला होता, एका मेडिकलचं हॉटेल झालं होतं. त्याने मला तीही बातमी दिली, जसं काही मी त्याच रस्त्याने भाजी आणतच नाही.

उमरोळीच्या अलीकडे रिक्षा दोन आचके देऊन थांबली. मागून टेम्पो आला. मुन्नाने विचारलं, "क्या हुआ?"

"गॅस खतम," काशिनाथ म्हणाले.

"तो मैं चलता हूँ, फूल सूख जाएँगे." आणि मी खुर्ची उतरवायला सांगण्याआधीच टेम्पो वळणापलीकडे गेला.

रिक्षात आणीबाणीसाठी थोडं पेट्रोल असतं, ही माहिती मला होती. काशिनाथनाही होती. त्यांनी ते गेल्या आणीबाणीत वापरलं होतं. बाटली घेऊन ते एका ओळखीच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले आणि आम्ही दोघं चिंचेखाली रिक्षात उरलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण बसल्या बसल्या नकळत हलत असतो, निलेश हलत नाही. कडक जागी फार वेळ बसला तर कातडीवर दाब येऊन जखम होते, त्याला ती कळत नाही, आणि भरून यायला महिने लागतात. म्हणून ती हवेची उशी. ती आता झेंडूच्या माळांखाली सातपाटीला चालली होती. "वर हो," मी म्हणायचो, आणि तो रिक्षाचा दांडा धरून स्वतःला उचलायचा. मी गोधडी सरकवायचो. पुन्हा बसायचा.

रस्त्याकडेला एक म्हातारी ताडगोळे विकत होती. ती बराच वेळ आमचा हा व्यायाम बघत होती. शेवटी पळसाच्या पानावर ताडगोळे घेऊन आली.

"नवरा हाय का?" निलेशच्या नव्या कुर्त्याकडे बघून तिने विचारलं.

"नवऱ्याचा भाऊ," निलेश म्हणाला.

"मंग उतर ना खाली. बसून काय रायलास?"

"पाय चालत नाहीत, आजी."

"मंग बस," ती म्हणाली आणि दोन ताडगोळे जास्त दिले.

तेवढ्यात निलेशचा फोन वाजला. त्याची मामेबहीण होती आणि रडत होती. फोन स्पीकरवर होता, कारण त्याचे दोन्ही हात दांड्याला होते आणि फोन माझ्या हातात.

"निलेशदादाचा फोन कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

"माझ्याकडेच," निलेश म्हणाला.

"आपण कोण बोलताय?"

"निलेश."

पलीकडून एक बारीक किंकाळी आली आणि फोन बंद झाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. लगेच माझा फोन वाजला. दिगंबर. त्याचा आवाज इतका जड होता की मला वाटलं, हळदीच्या घरी काही अघटित घडलं.

"भावोजी, धीर धरा. आमाला समदं कललं हाय. हलद थांबवली हाय."

"काय कळलं?"

"आता लपवू नका. टेम्पोवाला बोलला, उमरोलीला खतम झाला. खुर्ची आली ना मालेसकट." मागे बायका रडत होत्या. "मी तुमाला खरं सांगू? सुटला पोरगा. त्याचे हाल बघवत नव्हते. आन तुमी दोघं पण सुटलात. ताय किती वालली हाय. आता मनाला लावून घेऊ नका. बॉडी कुटं हाय?"

माझ्या मांडीवर निलेशचा कोपर होता. तो स्थिर बसला होता. हा फोनही स्पीकरवर घेतला आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"इथंच आहे," मी म्हणालो. "ताडगोळे खातोय."

मागचं रडणं थांबलं. मग दिगंबर म्हणाला, "खातोय?"

"गॅस संपला, दिगंबर. रिक्षाचा."

"मंग लवकर या," तो म्हणाला. "जेवान थंड होते." आणि त्याने फोन ठेवला.

म्हातारी ताडगोळे सोलत होती. रस्त्याने तीन टँकर गेले. निलेशने हातातला ताडगोळा संपवला, बोटं पुसली.

"बाबा, तुम्हाला वाटतं का कधी तसं? सुटावंसं?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. पण तो माझ्याकडे अगदी सहज बघत होता, जेवणात मीठ कमी आहे का विचारावं तसं.

"वाटतं," मी म्हणालो. "पाठ धरते त्या दिवशी वाटतं. मग चहा झाला की जातं."

"मलापण वाटतं. तुम्ही मला मोजे घालताना गाणं म्हणता तेव्हा."

"का?"

"सुरात नसतं."

मग आम्हाला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. हसताना तो एका बाजूला कलंडला. त्याच्या पोटाचे स्नायू त्याला सांभाळत नाहीत. मी त्याला धरला आणि मीही कलंडलो. काशिनाथ पेट्रोल घेऊन परतले तेव्हा आम्ही त्या अवस्थेत होतो आणि म्हातारी पान घेऊन वारा घालत होती.

पालघर मागे टाकून आम्ही सातपाटीच्या रस्त्याला लागलो. सुरूची झाडं दिसायला लागली, वाऱ्याला खारट ओल आली. तिथे समोरून एक स्कूटर आली, मागे बसलेली बाई हात दाखवत होती. सुलभा. भाची स्कूटर चालवत होती. सुलभाच्या गालांना हळद लागलेली, पदर कमरेला खोचलेला. ती उतरली, रिक्षात डोकावली, निलेशला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "उशी कुटं हाय?" घरी ती माझ्यासारखंच बोलते, पण माहेरी एक दिवस राहिली की तिची भाषा परत येते.

"टेम्पोत," मी म्हणालो. "तुला काय सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. मी बोलली, खोटं हाय. तसं काय झालं असतं तर यांनी पयला फोन मला केला असता."

"मग तू आलीस कशाला?"

ती रिक्षात शिरली, निलेशचं वाकडं पडलेलं पाऊल मांडीवर घेतलं आणि सातपाटी येईपर्यंत ते चोळत बसली. त्याला ते कळत नाही, हे तिला माहीत आहे.

सातपाटीत गल्ल्या अरुंद. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास निलेशने डोळे मिटून छातीभर घेतला. मांडवात साठ-सत्तर माणसं होती आणि आम्ही आलो तशी सगळी एकदम दुसऱ्या कामाला लागली. ज्या बायका रडल्या होत्या त्यांनी तोंडं धुतली होती, पण डोळे लाल होते. त्या निलेशकडे थोड्या रागानेच बघत होत्या, असं मला वाटलं. आचाऱ्याने काही न विचारता त्याच्या हातात तळलेल्या सरंग्याची (पापलेटची) ताटली दिली.

खुर्ची मांडवाच्या मधोमध होती. तीत सुलभाचे चुलते नाना बसले होते, गळ्यात झेंडूची माळ. आमच्या पोराच्या आठवणीने त्यांनी तिथे बसूनच अश्रू ढाळले होते, आणि आता ते उठायला तयार नव्हते.

"ही माज्या गुडघ्याला बरी हाय," ते म्हणाले. "तू बस ना तिकडं खाटेवर."

खाटेवर जावंच लागणार होतं. मी निलेशला आतल्या खोलीत नेऊन पालथा झोपवला, कपडे खाली केले आणि बघितलं. डाव्या बाजूला बसण्याच्या हाडावर लाल डाग होता. अंगठ्याने दाबला, सोडला. पांढरा पडला, पुन्हा लाल झाला. हे चांगलं लक्षण. दाबून पांढरा पडला नाही तर घाबरायचं. तरी तो डाग पुरता जाईपर्यंत बसणं बंद.

तेवढ्यात दार न वाजवता दिगंबर आत आला. चांगला आडदांड माणूस, खांद्यावर नवा टॉवेल. माफी मागायची असं ठरवून आला होता, आणि समोर भाच्याची उघडी बैठक. तो तिच्याकडे बघूनच बोलायला लागला.

"निलेश, मी जे फोनवर बोललो..."

"मामा, पुढून या. तिकडून मला ऐकू येतं, पण दिसत नाही."

दिगंबर खाटेला वळसा घालून गेला आणि जमिनीवर बसला. आता दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"तुम्ही अगदीच चुकीचं नाही बोललात," निलेश म्हणाला. "बाबांना सुट्टी पाहिजे. पण मी मरायची काय गरज आहे? मला लग्नापर्यंत इथं ठेवून घ्या. आई आहेच. लघवीचं माझं मी करतो. फक्त उचलायला आणि हा डाग बघायला कोणीतरी पाहिजे."

"नाही जमायचं," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच. कूस कधी बदलायची, घोट्याखाली उशी कुठे ठेवायची, हे मी भराभर सांगायला लागलो. दिगंबर मध्येच उठला, माझ्या बाजूला येऊन वाकला आणि विचारलं, "डाग कसा बगायचा?"

मी अंगठ्याने दाखवलं. त्याने दाबलं, सोडलं, वाट बघितली.

"म्हंजे मासली बगतो तसंच," तो म्हणाला. "दाबून सोडली का वर आली पायजे."

"तसंच," निलेश उशीत तोंड घालून म्हणाला. "ताजा आहे का मी?"

"हाय," दिगंबर गंभीरपणे म्हणाला, आणि मग तो त्या टॉवेलात तोंड लपवून रडला. निलेश पालथाच होता. त्याने हात लांब करून मामाचा हाताला लागेल तो भाग थोपटला. तो भाग पाऊल होता.

संध्याकाळी चौघांनी खाट तशीच उचलून मांडवात आणली. निलेश पालथा, हनुवटीखाली उशी, शेजारी पाटावर नवरदेव. नवऱ्याला लावून उरलेली हळद बायका निलेशच्या गालांना, कानांना, मानेला लावत होत्या. जिने फोनवर किंकाळी फोडली होती ती पोरगी सगळ्यात जास्त चोपडत होती. वाजंत्री सुरू झाली तेव्हा कोणीतरी खाटच नाचवायला उचलली. मी "हळू, हळू" म्हणत तिच्याभोवती पळत होतो. कोणीच ऐकलं नाही. निलेश ओरडून काहीतरी सांगत होता. मी जवळ गेलो तेव्हा कळलं, तो त्यांना डावीकडे वळा म्हणत होता, तिकडे मुली नाचत होत्या.

सकाळी डाग गेला होता. दिगंबरने मला उठवायच्या आधीच तो बघितला होता.

"तुम्ही आता निघा," निलेश म्हणाला. नाना झोपलेले असल्याने खुर्ची त्याला मिळाली होती. "परवा लग्नाला या. पाहुण्यासारखे या."

सुलभाने माझ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली. मी एसटीने पालघरला आलो आणि तिथून शेअर रिक्षाने बोईसरला. रस्ताभर माझे हात मांडीवर होते, त्यांना काही धरायचं नव्हतं. उमरोळीला चिंचेखाली दुसरीच कोणी बाई कलिंगडं विकत होती.

घरी आलो, भात टाकला, आणि मग निलेशच्या पलंगापाशी गेलो. त्याची गादी हवेची आहे. एक लहानसा पंप तिच्यात आलटून पालटून हवा भरतो आणि रात्रंदिवस घरघरतो. दवाखान्यातून आणल्यापासून तो चालूच होता. रिकाम्या गादीत तो इमानदारीने हवा भरत होता. मी बटण बंद केलं.

इतकी शांतता त्या घरात असेल हे मला ठाऊक नव्हतं. कुकरची वाफ ऐकू येत होती, वरच्या मजल्यावरच्या बादलीची कडी ऐकू येत होती. मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. पाच मिनिटं झाली नसतील, दारावर घाईघाईने थाप पडली. शेजारच्या पाटीलकाकू होत्या, हात पिठाचे, चेहरा उतरलेला. आमची भिंत एकच आहे.

"भाऊ, मशीन बंद झालं," त्या म्हणाल्या. "काय झालं? निलेश कुठंय?"

"काही नाही, काकू," मी म्हणालो. "लग्नाला गेलाय."