कळेपर्यंत उभं राहायचं

पुण्यातल्या झाडून सगळ्या कलादालनांच्या रखवालदारांना नावानिशी ओळखणारी, त्यांच्या मुलींचे दहावीतले गणिताचे मार्क तोंडपाठ असणारी बाई या शहरात एकच आहे, आणि ती माझी नणंद आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, माझ्या पोटऱ्या दुखतात म्हणून सांगते. ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल लावून घरात बसतात, त्या वयात आमच्या वन्संना आधुनिक कला सापडली. आणि वन्संना काही सापडलं की ते घरातल्या सगळ्यांना सापडलंच पाहिजे. घरातले सगळे म्हणजे मी. कारण ताईचा विषय निघाला की आमचे हे वर्तमानपत्रात आणखी खोल शिरतात, आणि मुलगा सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो तो एकदम जेवायच्या वेळेला उगवतो.

वन्सं ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका आणि फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास घेऊन कोथरूडला आमच्याकडे राहायला आल्या. पहिले काही महिने त्यांनी सोसायटीच्या सूचनाफलकावरचं शुद्धलेखन लाल शाईने तपासलं. सेक्रेटरींनी घरी येऊन तक्रार केली, तेव्हा त्यांच्या तक्रारअर्जातल्याही दोन वेलांट्या दुरुस्त करून दिल्या. मग एका मे महिन्यात, बसची वाट बघताना ऊन सोसवेना म्हणून त्या समोरच्या कलादालनात शिरल्या. खोली रिकामी होती. मधोमध दोरीवर एक ओला टॉवेल वाळत घातला होता, खाली बादली होती आणि टॉवेलचं पाणी बादलीत ठिबकत होतं. वन्संनी रखवालदाराला तो टॉवेल काढायला सांगितला. तो म्हणाला, बाई, हेच प्रदर्शन आहे.

दुसरं कुणी असतं तर हसून बाहेर पडलं असतं. वन्सं दालन बंद होईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "नंदा, तेहतीस वर्षं मी मुलींना सांगत आले की प्रश्नाला उत्तर असतंच. आज एक प्रश्न बघितला. त्याला उत्तर नव्हतं आणि तो चुकलेलाही नव्हता." दुसऱ्या दिवशी माझी कचेरी सुटल्यावर त्यांनी मला तिथे नेलं. मी टॉवेल बघितला. मला घरच्या दोरीवरचे आमचे कपडे आठवले आणि ते अजून कुणी आत घेतले नसतील हेही आठवलं. याखेरीज त्या कलाकृतीने माझ्या मनात काही जागं केलं नाही.

तिथून पुढे आमचे रविवार गेले. वन्संचा नियम वर्गातलाच होता: कळलं नाही तर कळेपर्यंत उभं राहायचं. एका चित्रापुढे एक तास, म्हणजे शाळेचा तास, पस्तीस मिनिटांचा. बाकावर बसायला बंदी. चित्रकार तिथे असला तर त्या सरळ त्याच्याकडे जात. इतर लोक त्याला प्रेरणा वगैरे विचारत असत, वन्सं विचारत, "छान आहे. चुकलं कुठं?" एकदा कानात बाळी घातलेला एक तरुण चित्रकार हा प्रश्न ऐकून जागचा उठला. मग त्यांना कोपऱ्यातल्या चित्रापाशी घेऊन गेला आणि निळा रंग कुठे बिघडला, तो झाकायला वर काय काय केलं, हे सगळं त्याने सांगून टाकलं. त्यानंतर आमच्या पत्रपेटीत जाड कागदाची निमंत्रणं येऊ लागली. पोस्टमनला वाटे, आमच्याकडे दर आठवड्याला लग्न असतं.

मग ऑपेरा आला. परदेशातल्या एका प्रयोगाचं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवणार होते, रविवारी दुपारी, चांगलं साडेतीन तास. वन्संनी आठ दिवस खपून दोनशेपानी वहीत कथानक उतरवलं आणि मी मेथी निवडत असताना अंकवार सांगितलं. शेवटी नायिका मरते, हे मला आधीच कळल्यामुळे माझी उत्सुकता तिथेच संपली. दुसऱ्या अंकात माझा डोळा लागला. वन्संनी कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाल्या, "झोप हवं तर. पण तोंड मिट. ती एवढा वरचा सूर लावून बसलीये, तू खालचा लावू नकोस." शेवटी ती नायिका गात गात मरत राहिली. वीस मिनिटं तरी मरत होती. परत येताना रिक्षात बघते तर वन्संच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं, तर पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "एक बाई मरताना एवढा वेळ बोलली आणि सगळ्यांनी गप्प बसून ऐकून घेतलं." रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघून घेतलं आणि रिक्षा सावकाश घेतली.

माझा धीर सुटला तो नृत्याच्या वेळी. वाघोलीच्या पुढे एका बंद पडलेल्या गोदामात तो कार्यक्रम होता. दोन बस बदलून गेलो. खुर्च्या नव्हत्याच. सहा-सात मुलंमुली जमिनीवर लोळत होती, मध्येच एकमेकांच्या पाठीवर डोकं टेकून स्तब्ध होत होती. एका मुलीने प्रेक्षकांपुढे हात केला. सगळे एक पाऊल मागे सरले. वन्संनी पर्स आणि चपला माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि जाऊन त्यांच्यात आडव्या झाल्या. दहा मिनिटं डोळे मिटून शांत पडून होत्या. उठायची वेळ आली तेव्हा गुडघे वळेनात. चौघांनी मिळून त्यांना अलगद उचललं, उभं केलं, आणि तोही नृत्याचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी वाकून त्या स्वीकारल्या.

मी दोन्ही हातांत चपला धरून भिंतीशी उभी होते. परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि बसल्याबरोबर मला बोलणं आवरेना. म्हटलं, वन्सं, मला यातलं काहीएक कळत नाही. सकाळी ओट्यापाशी उभी, दिवसभर कचेरीतल्या खिडकीशी उभी, संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी. हक्काचा एक रविवार, तर त्या दिवशी तुम्ही मला उभं करता. मी दमलेय हो.

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. कोथरूडला उतरायच्या आधी म्हणाल्या, "किती तास?"

"कशाचे?"

"ओट्यापाशी. रोज किती तास उभी असतेस?"

मी कधी मोजले नव्हते. पाच-साडेपाच असतील म्हटलं. त्यांनी मान डोलावली. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि मीही तिची वाट बघितली नाही.

पुढचे दोन महिने वन्सं एकट्याच जात. मला रविवार परत मिळाला, आणि खरं सांगायचं तर त्याचं काय करायचं ते मला कळेना. मग एका शनिवारी त्या एका मुलीला घरी घेऊन आल्या. केस बारीक कापलेले, खांद्याला पिशवी. वस्तूंचं डिझाइन शिकवणाऱ्या कुठल्याशा कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. तिने ओट्याची उंची मोजली. मग माझं कोपर, कंबर, गुडघा मोजला. मी पोळ्या लाटत असताना पाठीमागून फोटो काढले. वही उघडून म्हणाली, "काकू, एक्झॅक्टली कुठे दुखतं?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. हा प्रश्न मला डॉक्टरसुद्धा घाईत विचारत. मी पोटरी दाखवली, मग कंबर, मग टाचा, आणि बोलायला लागले ते थांबलेच नाही. पोळी तव्यावर करपली. वन्संनी उठून ती उलटली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

वर्षअखेरीला त्या कॉलेजात मुलांच्या कामाचं प्रदर्शन होतं. वन्संनी मला चल म्हटलं नाही. त्या फक्त साडी बदलून दारात उभ्या राहिल्या. मी गेले. तिथे एका चौथऱ्यावर उंच, पुढे कललेलं स्टूल होतं. पूर्ण बसायचं नाही, नुसतं टेकायचं. खाली एक पाऊल आलटून पालटून ठेवायला आडवी पट्टी. भिंतीवर माझा पाठमोरा फोटो: विस्कटलेला अंबाडा, घामाने भिजलेली पाठ, हातात लाटणं. बाजूच्या कार्डावर एक ओळ होती: "ज्यांना बसायला वेळ नाही त्यांच्यासाठी."

त्याच्यापुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. माझी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. मग पुढे झाले आणि टेकायला गेले, तर रखवालदार म्हणाला, मॅडम, हात लावायचा नाही. वन्संनी वर्गातला आवाज काढला. "अहो, ते तिचंच आहे." तो बाजूला झाला. मी टेकले. पोटऱ्यांतलं काहीतरी सैल झालं. माणसं बघत होती, बघू दिलं. पलीकडे वन्सं त्या मुलीला चुकलं कुठं ते विचारत होत्या, आणि उंची अर्धा इंच जास्त झाली, असं ती प्रामाणिकपणे सांगत होती. तो अर्धा इंच कापल्यावर स्टूल आमच्या घरी आलं. आमचे हे रोज सकाळी त्याला ठेचकाळतात.

आता वन्संचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्यांची गॅलरी म्हणजे आमच्या फ्लॅटची, कुंड्यांची आणि वाळत घातलेल्या कपड्यांची. निमंत्रणं अजून येतात. त्या ती भिंगातून वाचतात आणि उशाशी ठेवतात. मला जा म्हणत नाहीत.

मीही निवृत्त झालेय. गेल्या महिन्यात एका दुपारी कोथिंबीर आणते म्हणून पिशवी घेऊन निघाले आणि मंडईच्या ऐवजी भलत्याच बसमध्ये चढले. दालनात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भिंतभर मोठमोठी चित्रं, सगळी करड्या रंगाची. मला काही कळलं नाही. मी बाकावर बसून राहिले. तासभर कुणी चहा मागितला नाही, किल्ली कुठे ठेवलीये विचारलं नाही. त्या करड्या रंगात कुठे कुठे हिरवं होतं, ते बऱ्याच वेळाने दिसायला लागलं.

घरी आले तेव्हा वन्सं गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

"कोथिंबीर?"

"चांगली नव्हती."

"कुठल्या रंगाची होती?"

मी म्हटलं, "करडी. पण मध्ये मध्ये हिरवी."

वन्संनी शेजारच्या खुर्चीवरची काठी उचलून मांडीवर घेतली. मी बसले आणि सांगायला लागले.