सात काळी झबली आणि एकच चेहरा

सात पोरं बसवलेली सतरंजीवर, सातही काळ्या झबल्यात, सातही जणांच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, गालावर तीट... आणि त्यातली माझी कुठली तेच मला कळेना!! वाडीतल्या काकू ओरडतायत, "स्वराच्या आई, ये गो, पहिला मान तुझा, पोरीला मांडीवर घे!" आणि मी खांबाला धरून उभी. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत आणि मी सात पोरांकडे बघतेय... सगळी सारखीच.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल ही येडी आहे. मी भूतखेत, भानामती असलं काय मानत नाय. माझं माहेर नाटे, बापूस होडीवर जायचा, आमच्याकडे असल्या गोष्टी रोज सांगायचे, मी हसायचे. शिक्षण नववी. चुकलं लिहिताना तर संभाळून घ्या. या ग्रुपवर सगळ्यांचे अनुभव वाचते, कधी लिहीन वाटलं नव्हतं.

आमची वाडी जयगडच्या अलीकडे. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि आमची स्वरा, अकरा महिन्यांची. मिस्टर पोर्टवर शिफ्टला जातात. संक्रांतीच्या दोन-अडीच आठवडे आधी मी खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवत होते, उठताना ओल्या शेणावरून पाय सरकला आणि डोकं मागून पायरीच्या चिऱ्यावर आपटलं. रत्नागिरीला नेलं, फोटो काढला डोक्याचा, म्हणाले थोडी सूज आहे, गोळ्या घ्या, उतरेल. तिसऱ्या दिवशी घरी.

घरी आल्यावर संध्याकाळी ओटीवर बसले होते तर एक माणूस सरळ आत शिरला. मी पदर सावरला, उठून उभी राह्यले, म्हटलं कोण पाहिजे? तो बघतच राह्यला. मग म्हणतो, "मी काय पाव्हना हाय गो तुझा?" आवाज ऐकला आणि कळलं... अगो, हा तर माझा नवरा! मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप कुठली.

कसं सांगू तुम्हाला... डोळे दिसायचे, नाक दिसायचं, तोंड दिसायचं, पण सगळं मिळून माणूस जुळायचा नाय. बाकी सगळं ठीक! तवा-कालथा ओळखू येतोय, मासळीतलं पापलेट-हलवा ओळखू येतोय, एसटीची पाटी वाचता येतेय. फक्त माणसांचे चेहरे नाय. मिस्टरांना मी बुटांवरून आणि चालीवरून ओळखायला लागले. आणि स्वराला... माझ्या पोटच्या पोरीला मी तिटेवरून ओळखायचे. सगळ्यांच्या पोरांना तीट गालावर, मी हिला डाव्या कानशिलाशी लावायची. बोटभर काजळ. तेवढीच माझी खूण.

कुणाला सांगितलं नाय. का? कारण भीती. वाटलं सासूबाई म्हणतील, जी आयस पोर ओळखत नाय तिच्या हातात पोर कसं द्यायचं? मला माहेरी नाट्याला धाडतील आणि स्वराला ठेवून घेतील. दुसरं काय डोक्यात येतच नव्हतं.

अंगणवाडीत पोरांची वजनं असायची, तिथे मी एक युक्ती केलेली. सगळ्या आया आपापलं पोर उचलेपर्यंत चपला शोधत बसायचं. शेवटी राहील ते माझं.

मग आलं बोरन्हाण. देवळाच्या सभामंडपात, दुपारी चार वाजता, वाडीतल्या सगळ्या लहान पोरांचं एकत्र. झबली सगळ्यांची एकाच कापडाची, काकूंनीच शिवलेली. मला म्हणाल्या, आतून बोरांची टोपली आण. मी गेले, आले, तेवढ्यात त्यांनी हौसेने सगळ्या पोरांची तोंडं पुसून, पावडर लावून, एकसारखी तीट लावून टाकलेली. उजव्या गालावर. सातही जणांच्या. आणि माझी कानशिलावरची खूण गेली पुसून...

त्यात स्पीकरवर गाणी, चार पोरं रडतायत, आवाजावरून पण कळेना. आणि काकू म्हणतात पहिला मान तुझा. आज चपला शोधायची सोय नाय!

मी मनात म्हटलं, देवी आई, एकदाच. आणि खरं सांगते, शपथ घेऊन सांगते, तेव्हा मला एक चेहरा दिसला.

डावीकडून तिसरा. लख्ख! आरशात बघावं तसा. खाली दोन दात, गालाला खळी, भुवया जरा वर गेलेल्या, खुदुखुदू हसतोय. किती दिवसांनी अख्खा चेहरा बघत होते मी. डोळ्यांतून पाणीच आलं. म्हटलं दिसली म्हणजे माझीच, आली गो, आली माझी बाय! आणि निघाले. मी चालतेय तेवढ्यात काकूंना राहवेना, त्यांनी मापटं भरून बोरं-चुरमुरे ओतले पोरांच्या डोक्यावरून. सगळ्या बायका हसतायत, टाळ्या वाजवतायत. मी वाकून त्या बाळाला उचललं आणि...

हसू बंद. आवाज बंद. तोंड उघडं, पण रडणं नाय, खोकणं नाय. ओठ काळेनिळे व्हायला लागले.

अंगणवाडीच्या बाईंनी एकदा बाहुलीवर दाखवलेलं, तसं मी पोर हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि पाठीत थोपटलं, जोरात. एक, दोन, तीन, चार... पाचव्याला टुणकन बोर बाहेर पडलं, अख्खं. आणि मग असं भोकाड पसरलं की मला वाटलं जगात यापेक्षा गोड आवाज नसेल.

मी छातीशी धरून मुके घेतेय, "माझी स्वरा, माझी बाय" करतेय... आणि समोरून मनाली धावत आली. मनाली आमच्या शेजारची, तिचा नवरा बोटीवर असतो, आठ-आठ महिने लांब. ती हात पसरून रडतेय, "दे गो, माझा आरू दे!" आणि मी देईना!! मी म्हणतेय, "ही माझी स्वरा आहे."

कोणतरी मागून फिसकन हसली, "पोरगा-पोरगी पन कळना काय हिला?" संपलं, म्हटलं. आता कळलं सगळ्यांना.

तेवढ्यात एक बाई पुढे आली, एका हाताने माझा खांदा धरला आणि हळू म्हणाली, "सूनबाय, मी आई आलंय गो. ही बघ, आपली स्वरा माझ्या कडेवर हाय. तिचा पोर तिला दे." मग मागे वळून मोठ्याने, "घाबरली हाय पोरगी! तुमच्यातली एक तरी हलली काय जागची? हसतायत मेल्या!"

मघापर्यंत स्वरा तिथेच होती. त्याच सतरंजीवर, आरूपासून दोन हात लांब, चुरमुरे खात बसलेली; तिथूनच सासूबाईंनी उचललेली.

घरी येऊन मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं ओकले. म्हटलं, काय पण करा, पण मला नाट्याला धाडू नका, पोरीला तोडू नका.

त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मला दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळला. तू माझ्याकडं बघितलास नि 'काय पायजे आजी' म्हनलीस. तवापासून मी घरात पाय टाकताना काय म्हनतंय?"

मी आठवून बघितलं... रोज! दार ओलांडताना रोज त्या म्हणायच्या, "मी आई आलंय गो." आणि स्वराला माझ्याकडे देताना, "घे, आपली स्वरा." मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाची सवय. शिवाय इतके दिवस एकच हिरवं लुगडं, धुवून वाळवून परत तेच. मी मनात म्हणायचे पण, काय हे, दुसरं नाय काय...

"मग बोलला का नाय?" मी रडतच विचारलं.

"तू सांगशील म्हनून थांबलं. येडी. पोर कशाला तोडीन? आनि नवऱ्याला नाय ओळखलास तर ऱ्हवू दे, तसा पन काय मोठा देखणा लागून गेला नाय." मी रडता रडता हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्या मला रत्नागिरीला घेऊन गेल्या. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मेंदूत कामं वाटून दिलेली असतात. जेटीवर कसं, एकजण मासळी निवडतो, एकजण बर्फ फोडतो, एकजण जाळी बघतो. तसं चेहरे ओळखायला एक जागा, वस्तूंना दुसरी, वाचायला तिसरी. तुमचा चेहरेवाला तेवढा दुखावलाय, बाकीचे कामावर आहेत. सूज उतरली की येईल हळूहळू, पण किती ते आज सांगता येत नाही.

एवढं पटलं मला. पण पुढचं?

मनाली नवऱ्याला पाठवायला मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. त्यात सगळं आहे. तिने मला पण पाठवलेला, तो मी डॉक्टरीण बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, बाळ गुदमरत होतं, रडणाऱ्या पोरांत ते एकटं गप्प, म्हणून तुमची नजर गेली असेल. मी म्हटलं, बाई, परत बघा. मी निघाले तेव्हा बोरं अजून टोपलीत आहेत. आरूचे हात रिकामे आहेत. तो हसतोय. मी अर्ध्या वाटेत असताना बोरं पडली, मग त्याने उचललं, मग तोंडात घातलं, आणि तेव्हा मी पोचले. त्यांनी दोनदा बघितलं, मोबाईल परत दिला आणि कागदावर पुढची तारीख लिहून दिली.

आणि बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवसापासून आरूचा चेहरा पुन्हा हरवला. बाकीच्यांसारखाच झाला, डोळे वेगळे, नाक वेगळं. आता सासूबाईंचा थोडा जुळतो, मिस्टरांचा कधी कधी. स्वराचा अजून नाय. तिला मी मानेच्या वासाने ओळखते, आणि ती माझ्या पदराला लोंबकळते त्याने. तीट परत कानशिलाला. पण जीव जळतो हो... दिसायचाच होता एक चेहरा, तर माझ्या पोरीचा का नाय दिसला?

काल मनाली आली, नारळ, तांदूळ, खण घेऊन. माझी ओटी भरली. आरूला माझ्या मांडीवर दिला आणि डोळे पुसत म्हणाली, "मी आयस असून मला दिसला नाय, तुला माझा पोर कसा दिसला गो?"

तिला अजून वाटतं, मंडपात मी घाबरून 'माझी स्वरा' म्हटलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांगू नको म्हणून. मनाली गेल्यावर म्हणाल्या, "तिचा पोर तू आपला म्हनून उचललास. ह्यात खोटा काय हाय?"

पण मला त्या खणाला हात लाववत नाय. मी त्याला वाचवायला नव्हते गेले, माझ्या स्वराला घ्यायला गेले होते. मनाली भेटली की माझे हात हातात घेते आणि मी खाली बघते. सांगितलं तर ती आपला पोर माझ्या मांडीवर परत देईल काय? नाय सांगितलं तर ही ओटी माझी आहे काय?

तुम्ही पण आया आहात ना इथे कितीतरी. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?