पद्मानं मागे घेतलेला निबंध

दर रविवारी सकाळी पद्मा स्टीलची वाटी घेऊन मागच्या दारानं यायची आणि विरजण मागायची. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवणारी बाई, पण घरातलं विरजण तिला आठवडाभर टिकवता यायचं नाही. मी तोंडावर हसायची. ती म्हणायची, "शाले, पेशी मला पगार देतात. दही देतंय व्हय?"

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच गल्लीत वाढलो, चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. माझी शाळा तिथंच सुटली, तिची सुटली नाही. तिचं घर जैन, कापडाच्या व्यापारातलं. पोरगी असल्या रोगाच्या नादी लागली म्हणून वडील तिच्याशी बोलेनात. तीही बोलायला गेली नाही.

कुणी काही ठासून सांगितलं की तिचा एकच प्रश्न: "परत करून बघितलंस काय?" हळदीच्या दुधानं माझा खोकला गेला, असं मी म्हटलं तरी हाच प्रश्न. पुढच्या खोकल्याला हळद चालली नाही, ते मी तिला कळू दिलं नाही.

तिचं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळं. तंबाखू खाणाऱ्या एका माणसाच्या हिरडीच्या गाठीतून तिनं पेशी वाढवल्या आणि एका औषधानं त्या मरतात, असं लिहिलं. जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या लेखांत त्याचा दाखला देऊ लागले. त्यांच्यात माणसाची किंमत अशा दाखल्यांवर ठरते, हे तिनंच मला सांगितलं होतं. ती नोकरीला होती त्या संशोधन संस्थेची पुढची संचालक तीच, असं सगळे धरून चालले होते.

त्याच सुमारास तिनं त्या पेशी पुन्हा तपासायला दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. निघालं असं की त्या हिरडीच्या नव्हत्याच. शेजारच्या बशीतल्या, गर्भाशयाच्या कर्करोगाच्या दांडग्या पेशी कधीतरी त्यांच्यात पडल्या होत्या आणि मूळच्या पेशी संपवून आपणच वाढत राहिल्या होत्या. मला उमगेना. ती म्हणाली, "तुझ्या विरजणात दुसरीचं विरजण पडलं, आणि तू दरवेळी त्यातलंच लावत गेलीस. भांडं तुझं, दही तिचं."

निबंध चुकीचा ठरला असं छापून तो मागे घेणार म्हणाली. मग संस्थेतले एक मोठे साहेब पेढे घेऊन तिच्या घरी आले. मी तिथंच बसले होते. इतक्या लोकांनी दाखले दिलेत, संस्थेचं नाव जाईल, तुमची खुर्ची जाईल, निदान नेमणूक होईपर्यंत गप्प राहा, असं त्यांचं म्हणणं. पद्मानं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यावर भरवसा ठेवून कुणी औषध केलं, तर ते पेशंटच्या तोंडात जाणार हाय. तुमच्या फायलीत न्हाय," ती म्हणाली. "चहा प्या पावणं, आणि पेढं घेऊन जावा."

साहेब पेढ्यांसकट गेले. खुर्चीही गेली. बाईनं लबाडी केली असणार, नाहीतर मागे कशाला घेतला असता, असं गल्लीत सुरू झालं. माझी सून तेच ऐकून आली. तिला मी सुनावलं, लबाड माणूस दाबून ठेवतो, मागे घेत नाही.

पद्मानं हिरडीच्या नव्या पेशी वाढवल्या आणि सगळं परत केलं. औषध त्यांच्यावर चालत नव्हतं. तसा निबंध लिहिला. त्याला कुणी फारसं विचारलं नाही. मागे घेतलेल्या जुन्या निबंधाचे दाखले मात्र चालूच राहिले, कारण देणारे तो उघडूनही बघत नव्हते. ती एकेकाला कळवायची. काही उत्तर द्यायचे, काही चिडायचे. निवृत्त झाली तरी हेच. मी म्हटलं, सोड आता.

"माझी घाण हाय. मीच काढणार."

गेल्या वर्षी ती हृदयविकारानं गेली. कर्करोगानं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना तसलं ऐकायला आवडतं. तिची वाटी माझ्याकडंच राहिली. मी ती वापरते.

संस्थेनं शोकसभा ठेवली. तेच साहेब बोलायला उभे राहिले. हिरडीवरच्या निबंधाला हजारो दाखले मिळाले, असा मान कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला मिळाला नाही, म्हणाले. मागे घेतल्याचं नाव नाही. मी उभी राहिले.

"ते दाखले वजा करा. तो निबंध तिनं स्वतः रद्द केलाय."

साहेब मऊ आवाजात म्हणाले, आजी, ही वेळ नव्हे. ते वजा केले तर बाईंच्या नावावर फारसं काही उरत नाही.

"उरतंय की," मी म्हटलं. "परत मोजून बघा."