बॅग भरायची वेळ

शनिवार पेठेतल्या सायकलच्या दुकानात परवा रॉकेलचा वास आला आणि मी थेट बर्फातल्या चौकीवर पोचलो. आमच्या जागी येणारी तुकडी खालून निघाली होती. दूर कुठे हिमकडा कोसळला की बंकरमधलं बोलणं थांबायचं. उतरायचा हुकूम येईपर्यंत तिथे कुणी बॅग भरत नसे, अपशकुन मानायचे. मी गुपचूप भरली.

हवालदारसाहेबांनी ती रॉकेलच्या शेगडीपाशी ओढली. "फार घाई झालीय का तुला?" म्हणत एकेक कपडा बाहेर काढला. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, थंडीनं.

अजूनही गावाला निघताना बायको ओरडते, "अहो, रिक्षा दारात उभी आहे, बॅग कधी भरणार?"

मग मी भरतो. हात थरथरतात, अगदी मे महिन्यातसुद्धा.