चिकटकाकांचा लाल ठिपका

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चिकटकाका म्हणत. काम नावाप्रमाणेच होतं: डाळीच्या दाण्याएवढा स्फटिक तांब्याच्या पट्टीवर व्हार्निशनं चिकटवायचा, आणि तो नेमक्या दिशेला. चिकटवल्यावर दिशा एक्स-रेनं तपासायची असा नियम होता, पण काकांचं काम गेल्या एकतीस वर्षांत कुणी तपासलं नव्हतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर पाहुण्यांना सांगत, "काकांचं तपासायला निघालो तर लोक मलाच हसतील." काका मान खाली घालून ऐकत आणि मग दिवसभर फुगून फिरत.

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते, आणि वरच्या मजल्यावरच्या संशोधक मुलीचं घोडं पेंड खात होतं. तिनं आठ महिने खपून एक स्फटिक वाढवला होता. त्यात अणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. साखळीला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की हे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. पण मधेच कुठेतरी साखळीला एक पूर्ण पीळ पडतो आणि तो न मोडता, न विरता, आहे तसा पुढे धावत जातो. त्याला सॉलिटॉन म्हणतात. काकांनी बायकोला हे कमरेचा पट्टा काढून दाखवलं होतं. दोन्ही टोकं पक्की धरली, तर पट्ट्यातला पीळ इकडून तिकडे सरकतो, जात मात्र नाही.

"म्हणजे तुमच्यासारखाच की," बायको म्हणाली होती. "सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही."

यंत्रातल्या कडाक्याच्या थंडीत स्फटिक किती उष्णता शोषतो, याच्या आलेखात हे पीळ उंचवटा होऊन दिसायला हवे होते. तीन आठवडे मोजूनही रेघ सपाट ती सपाटच. सरांनी निकाल देऊन टाकला: स्फटिकच भेसळीचा निघाला, सोमवारी समितीपुढे विषय बदलायचा. म्हणजे तिची चार वर्षं पाण्यात. ती काकांच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "काका, तुम्ही एवढं छान चिकटवून दिलंत, आणि मीच माती खाल्ली."

काकांना ते फार लागलं.

त्या संध्याकाळी बायको नखं रंगवत बसली होती. "अहो, ती लाल बाटली द्या जरा." काकांनी दिली. बायकोनं बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ही तपकिरी आहे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून आठ महिने झाले. ऑफिसात अजून बोलला नाहीत ना?"

बोलले नव्हते. बोलले असते तर भिंग काढून घेतलं असतं आणि शेवटचे महिने सामानाच्या खोलीत पावत्या फाडत बसवलं असतं. पण आता बायकोच्या हातातली बाटली पाहून त्यांना वेगळीच शंका आली. त्या मुलीचा स्फटिक चौकोनी होता, सगळ्या बाजू सारख्या. साखळ्यांची टोकं कुठल्या बाजूला आहेत ते कळावं म्हणून तिनं तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. आणि वाळलेलं व्हार्निश तपकिरी दिसतं. दुसऱ्या बाजूला त्याचा थेंब उडाला असेल, तर आपण ठिपका कशाला समजलो?

गुपचूप बघायची सोय नव्हती. यंत्र गरम करून पट्टी बाहेर काढायलाच एक दिवस जाणार, म्हणजे सगळ्यांना कळणार. गप्प बसलं तर अकरा दिवसांनी हार, भाषण आणि अब्रू शाबूत. काकांना भीती वाटत होती, आणि स्वतःची लाजही.

सकाळी ते सरांच्या खोलीत गेले. मुलगी तिथेच होती.

"स्फटिक काढा आणि एक्स-रे करा," ते म्हणाले. "मी आडवा चिकटवला असणार. आठ महिन्यांपासून मला डोळ्यांनी नीट दिसत नाही."

सर हसले. मग हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स-रे झाला. स्फटिक काटकोनात फिरलेला होता. क्षेत्र साखळीला आडवं लागण्याऐवजी तिच्या लांबीनं लागत होतं. भेसळ नव्हतीच. सरांनी एक्स-रेचा कागद खाली ठेवला. मग विचारलं, "या आठ महिन्यांत आणखी किती चिकटवलेत?"

काकांनी खिशातून कागद काढला. रात्रीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. "चौदा. सगळे तपासावे लागतील."

स्फटिक पुन्हा चिकटवायला मुलीनं काकांनाच बसवायचं म्हटलं. ते मात्र शेजारच्या स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून, आणि व्हार्निश किती पातळ हवं तेवढं सांगत राहिले. तिनं पट्टी त्यांच्यासमोर धरली. "काका, बरोबर बसलाय ना?"

"मला विचारू नकोस," काका म्हणाले. "एक्स-रेला विचार."

रविवारी संध्याकाळी ती आलेख घेऊन त्यांच्या घरी आली. जाड रेघेत छापला होता, मोठ्या कागदावर. काकांनी तो दिव्याखाली धरला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. शेवटी तिनं त्यांचं बोट धरलं आणि रेघेवरून चढावर नेलं, मग उतारावर.